दिसते, वाटते आणि म्हणे

इंग्रजीतल्या ‘सीम’सारख्या चिमुकल्या क्रियापदावर लिहायचे आणि त्यासाठी वाचकांना गोव्यातून उचलून माळव्यात, धार आणि देवासला न्यायचे, हा द्राविडी प्राणायाम कशाला, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. ‘सीम’, ‘अपिअर’, ‘लुक’, ‘साउंड’, ‘फील’ ही क्रियापदे शाळेतल्या इंग्रजी व्याकरणात एका पानात आटोपतात. मुले दोन नियम पाठ करतात. पहिला, ‘सीम’ला ‘आयएनजी’ लावायचे नाही. दुसरा, या क्रियापदांपुढे विशेषण येते, क्रियाविशेषण येत नाही. परीक्षेत गाळलेल्या जागा भरल्या, गुण मिळाले की प्रकरण संपले. दोन्ही नियम बरोबर आहेत आणि माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. ही क्रियापदे भाषेला लागतात तरी कशासाठी, हे त्या पानावर कुठेच सांगितलेले नसते, ही माझी तक्रार आहे.

ती लागतात जबाबदारीसाठी. एखादी गोष्ट अशी ‘आहे’ म्हणणे आणि ती अशी ‘दिसते’ म्हणणे, यांत बोलणाऱ्याने किती भार स्वतःवर घेतला याचा फरक असतो. हा फरक मराठी माणसाला इंग्रजीकडून शिकावा लागत नाही. त्याच्या भाषेत तो आधीपासून आहे, आणि माझ्या मते इंग्रजीपेक्षा अधिक बारकाईने आहे. इंग्रजीचा तास सुरू झाला की आपण तो दाराबाहेर चपलांबरोबर ठेवून येतो, एवढेच.

आता धारकडे वळू. अकराव्या शतकात या धारानगरीत राजा भोज राज्य करीत होता. राजा भोज म्हटले की आपल्याला म्हणीतला गंगू तेली आठवतो, पण भोजाने ‘सरस्वतीकंठाभरण’ या एकाच नावाचे दोन ग्रंथ रचले, एक व्याकरणाचा आणि दुसरा अलंकारशास्त्राचा. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख काशिनाथ कृष्ण लेले यांनी तिथल्या ज्या शिलालेखांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, त्यांत सापाच्या वेटोळ्यासारखे कोरलेले लेखही आहेत. त्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि संस्कृतचे विभक्ती व क्रियापदांचे प्रत्यय मांडलेले आहेत. ते जिथे आहेत त्या वास्तूच्या वादात मला इथे शिरायचे नाही. क्रियापदांचे प्रत्यय दगडात कोरून ठेवावेत असे कोणाला तरी वाटले, ही गोष्ट मला फार आवडते.

भोजाचे नाव मी आणखी एका कारणासाठी घेतले. व्याकरण आणि अलंकार ही दोन्ही शास्त्रे एकाच माणसाने हाताळली. आपण मात्र ‘वाटणे’ हे व्याकरणाच्या तासाला शिकतो आणि ‘उत्प्रेक्षा’ कवितेच्या तासाला. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला उत्प्रेक्षेच्या खुणा पाठ असतात: जणू, गमे, वाटे, भासे, की. ही यादी पुन्हा एकदा वाचा. पाचांपैकी तीन शब्द क्रियापदे आहेत, आणि तिन्ही नेमकी त्या इंग्रजी पानावरची. म्हणजे इंग्रजीत जे व्याकरणाचे प्रकरण म्हणून आपल्याला अवघड जाते, ते आपल्याच शाळेत अलंकार म्हणून आपण घोकलेले असते. उपमेत आपण म्हणतो, हे त्याच्यासारखे आहे. उत्प्रेक्षेत म्हणतो, हे जणू तेच वाटते. आणि भ्रांतिमान अलंकारात माणूस फसतो, त्याला ते तेच आहे असे खरेच वाटते. सारखेपणा, भास आणि फसगत अशी ही चढती पायरी आहे. पायरी कोणती हे कळले नाही की कवितेत फारसे बिघडत नाही. व्यवहारात मात्र बिघडते.

ते किती बिघडू शकते हे दाखवणारी कादंबरी अर्धवट अवस्थेत एका इंग्रजाच्या सामानातून देवासला आली होती. देवास म्हटले की गोमंतकीय माणसाला आधी आठवतात ते कुमार गंधर्व. आजारी असताना १९४८ साली ते तिथे गेले आणि १९९२ मध्ये देह ठेवीपर्यंत तिथलेच झाले. पण कुमारजींच्या आधीचे देवास हे मराठी संस्थान होते, किंवा खरे तर दोन संस्थाने. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे जम बसवला, आणि पुढे थोरली पाती नि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदल्या. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव हे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. त्यांच्याकडे १९२१ साली सुमारे सहा महिने खाजगी चिटणीस म्हणून राहिला तो लेखक ई. एम. फॉर्स्टर. याआधी १९१२ सालच्या नाताळातही तो देवासला येऊन गेला होता. त्या काळात घरी लिहिलेल्या पत्रांवरून त्याने १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक काढले. नावातली टेकडी म्हणजे देवासची देवीची टेकडी.

‘अ पॅसेज टु इंडिया’ ही कादंबरी त्याने पहिल्या भारतभेटीनंतर लिहायला घेतली होती. ती अडली. देवासला नेलेले बाड तिथे पुढे सरकले नाही आणि इंग्लंडात परतल्यावर ती पूर्ण होऊन १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली. देवासच्या दरबारात पाहिलेली गोकुळाष्टमी तिच्या शेवटच्या भागात आली आहे. तिथे प्राध्यापक गोडबोले नावाचे एक पात्र टाळ घेऊन उभे असते आणि भजनी मंडळी तुकारामाच्या नावाचा गजर करतात. मराठी वाचकाला तिथे एकदम घरी आल्यासारखे वाटते.

या कादंबरीची कथा एका वाक्यात सांगायची तर ती ‘आहे’ आणि ‘वाटते’ यांच्या घोटाळ्याची कथा आहे. मराबार नावाच्या डोंगरातल्या लेण्या पाहायला डॉक्टर अझीज काही इंग्रज पाहुण्यांना घेऊन निघतो. वाटेत ॲडेला या तरुणीला दूर काहीतरी काळे, उभे असलेले दिसते. साप, असे ती म्हणते, आणि गावकरी त्याला दुजोरा देतात. मग ॲडेला दुर्बिणीतून पाहते तर ते ताडाचे वाळलेले खोड निघते. साप नव्हे, खोड आहे, असे ती सांगते. पण गावकरी आता ऐकायला तयार नसतात. एकदा ‘साप’ हा शब्द उच्चारला गेला, तो मागे घ्यायला कोणी राजी नाही.

आपल्याकडे प्रवचनात बसलेल्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. दोरीवर सापाचा भास होतो, हा वेदान्तातला दृष्टान्त शेकडो वर्षे सांगितला जात आहे. पण दृष्टान्तात दिवा आणला की साप नाहीसा होतो. फॉर्स्टरच्या गोष्टीत दिवा आणला तरी साप जात नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

पुढे लेण्याच्या अंधारात ॲडेलाला काहीतरी होते. तिला एक सावली, किंवा सावलीसारखे काही, जाणवते. ती घाबरून पळत सुटते. ‘सावलीसारखे काही’चे सायंकाळपर्यंत ‘अझीज’ झालेले असते आणि अझीज तुरुंगात गेलेला असतो. मधल्या काळात तिला शंका येते, ती बोलूनही दाखवते. पण खटल्याचे चाक एव्हाना फिरू लागलेले असते आणि ते थांबवायची कोणाची इच्छा नसते. शेवटी भर कोर्टात, शपथेवर, एक एक प्रश्नाचे उत्तर देताना ती तो दिवस मनात पुन्हा पाहते आणि आरोप मागे घेते. तिच्या स्वतःच्या समाजाने तिला त्याबद्दल क्षमा केली नाही. अझीज सुटला, पण त्याचा आधीचा मोकळा स्वभाव काही परत आला नाही.

लेण्यात नेमके काय घडले हे फॉर्स्टरने शेवटपर्यंत सांगितले नाही. सुरुवातीच्या खर्ड्यांत त्याने ते लिहिले होते, नंतर काढून टाकले. आत माणूस असेल, काही अतींद्रिय असेल किंवा नुसता भास असेल, असे त्याने एका मित्राला कळवले. लेखकाला हे स्वातंत्र्य असते. साक्षीदाराला नसते. साक्षीदाराने ‘सावली दिसली’ इतकेच सांगायचे असते.

असो. आता आपल्या व्याकरणाच्या पानाकडे परत येऊ आणि ते मराठीच्या उजेडात वाचू.

आधी विशेषण आणि क्रियाविशेषणाची भानगड. इंग्रजीत ‘लुक’ हा एकच शब्द दोन कामे करतो, बघण्याचे आणि दिसण्याचे. ‘द टीचर लुक्ड अँग्री’ म्हणजे बाई रागावलेल्या दिसल्या. ‘द टीचर लुक्ड अँग्रिली’ म्हणजे बाईंनी रागाने बघितले. इंग्रज मुलाला इथे शेपटीवरून अर्थ ओळखावा लागतो. मराठीत आपल्याकडे मुळात शब्दच दोन आहेत. वास येणे वेगळे, हुंगणे वेगळे. चव लागणे वेगळी, चाखणे वेगळे. ऐकू येणे वेगळे, ऐकणे वेगळे. तेव्हा मुलाला नियम पाठ करायला लावण्याऐवजी एकच प्रश्न विचारायला शिकवावे: मराठीत इथे ‘दिसणे’ आहे की ‘बघणे’? ‘लागणे’ आहे की ‘चाखणे’? सोलकढी आंबट लागते, तेव्हा ‘टेस्ट्स सावर’. स्वयंपाकीण ती काळजीपूर्वक चाखते, तेव्हा ‘टेस्ट्स इट केअरफुली’. गोंधळाला जागाच उरत नाही.

‘आयएनजी’चे कोडेही असेच सुटते. ‘पाऊस येईल असे वाटते आहे’ हे शुद्ध मराठी आहे, म्हणून मुले सरळ ‘इट इज सीमिंग’ लिहितात. ‘सीम’ ही काही चालू असलेली क्रिया नाही, ती झालेल्या ठशाची नोंद आहे, असे सांगितले की पटते. ‘अपिअर’चे तर दोन अवतार आहेत. परीक्षेला बसणे, कोर्टात हजर होणे, पडद्यामागून प्रकट होणे ही कामे आहेत, तिथे ‘अपिअरिंग’ चालते. ‘तो प्रामाणिक दिसतो’ या अर्थी मात्र चालत नाही. आणि ‘तू थकलेला दिसतो आहेस’ या अर्थी ‘यू आर लुकिंग टायर्ड’ अगदी चालते, कारण ते त्या क्षणापुरते दिसणे आहे. हे सूक्ष्म भेद पाठांतराने येत नाहीत, अर्थाने येतात.

तिसरी गोष्ट काळाची, आणि ती पत्रव्यवहारात फार नडते. अशा वाक्यात काळ दोन असतात, एक वाटण्याचा आणि एक असण्याचा. ‘ही सीम्स टु बी इल’ म्हणजे तो आता आजारी दिसतो. ‘ही सीम्स टु हॅव बीन इल’ म्हणजे तो मध्यंतरी आजारी होता असे आता दिसते. ‘ही सीम्ड टु बी इल’ म्हणजे तेव्हा तो आजारी वाटला. मराठीत हे तिन्ही आपण न अडखळता बोलतो. इतकेच नव्हे, तर ‘वाटला’ म्हटले की पुढे बहुधा ‘पण’ येणार हे ऐकणाऱ्याला कळते. ‘मला वाटलं तू येणार नाहीस’ हे वाक्य ज्याला म्हणतात तो बहुधा समोर येऊन उभाच असतो.

चौथी गोष्ट ‘मला’ची. ‘मला वाटते’ या वाक्यात मी काही करीत नाही, माझ्याकडे काहीतरी येते. असल्या वाक्यात कर्ता कोण, यावर मराठी व्याकरणात बरीच चर्चा आहे. इंग्रजीत हे ‘इट सीम्स टु मी’ असे होते आणि त्यातले ‘टु मी’ हे शेपूट सहज गळून पडते. मराठीतही आपण ‘मला’ गाळतो, पण ऐकणारा ते मनात धरून चालतो. इंग्रजी ‘इट सीम्स’ मात्र एकटे उभे राहिले की कोणाचे वाटणे ते कळेनासे होते. सरकारी अहवालात त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतात. ‘दुरुस्तीस विलंब झाल्याचे दिसते’ असे छापून येते. कोणाला दिसते, कशावरून दिसते, हे विचारायची सोय नसते.

आणि आता आमच्या गोव्यातली खास गंमत. मराठी-कोंकणी वादाचा हा विषय नव्हे, पण आम्हा गोवेकरांच्या कानांत दोन्ही भाषा असतात हे नाकारण्यात अर्थ नाही. कोंकणीत ‘म्हाका दिसता’ म्हणजे मराठीतले ‘मला वाटते’. ‘म्हाका दिसता तो फाल्यां येवचो ना’ असे म्हणणाऱ्याला डोळ्यांनी काहीच दिसलेले नसते. तुला भेटून आनंद झाला हे सांगायला ‘म्हाका बरें दिसलें’ म्हणतात. तेच मराठीत ‘ते बरं दिसत नाही’ म्हटले की एकदम आजी समोर उभी राहते आणि लोक काय म्हणतील हा विषय सुरू होतो. एकच धातू, दोन घरांत दोन संसार. अशा मुलाला इंग्रजीच्या तासाला ‘दिसणे म्हणजे लुक’ असे शिकवले की त्याची पंचाईत होणारच.

त्याहून मोठी गंमत म्हणजे ऐकीव गोष्टीची. ‘तो मुंबईला गेला म्हणे’ यातले ‘म्हणे’ हे मराठीचे अमोल रत्न आहे. दोन अक्षरांत आपण सांगून टाकतो की ही बातमी माझी नाही, मी फक्त पोचवतो आहे. कोंकणीत हेच काम ‘खंय’ करते: ‘तो मुंबय गेला खंय’. इंग्रजीत असा शब्द नाही. मग आपण काय करतो? ‘ही हॅज गॉन टु बॉम्बे, इट सीम्स’. गोव्यात हे रोज ऐकू येते, खाली दक्षिणेतही ऐकू येते. आपल्यात बोलताना त्याला माझी काहीच हरकत नाही. ते आपले इंग्रजी आहे आणि आपल्याला त्याचा अर्थ कळतो. पण बाहेरचा माणूस त्याचा अर्थ वेगळा घेतो. त्याच्या लेखी ‘इट सीम्स’ म्हणजे बोलणाऱ्याने काही पुरावा पाहिला आणि त्यावरून स्वतः अनुमान काढले. आपल्या लेखी मात्र आपण फक्त शेजाऱ्याचे बोलणे पोचवलेले असते. आपण ‘म्हणे’ म्हणून हात झटकलेले असतात आणि कागदावर मात्र आपली सही पडलेली असते.

माझ्याकडे आसपासची मुले आणि कधी कधी मोठी माणसेही इंग्रजी अर्ज, तक्रारी तपासून घ्यायला येतात. त्यांत एक वाक्य हमखास असते: अमुक माणूस अमुक करतो, ‘इट सीम्स’. मी पेन्सिल खाली ठेवून विचारतो, तुम्ही पाहिलंत? नाही. मग कशावरून वाटलं? वाटलं नाही हो, लोक म्हणतात. मग तसं लिहा की, ‘पीपल से’. हे ऐकून माणूस थोडा वेळ गप्प बसतो. पुष्कळदा ते वाक्यच खोडायला सांगतो. ‘लोक म्हणतात’ असे स्वच्छ लिहिल्यावर त्या आरोपाचे वजन किती, हे त्याचे त्यालाच दिसते. व्याकरणाने माणसाची अब्रू वाचते ती अशी.

तेव्हा माझे मत असे. मराठी मुलांना इंग्रजीचे हे पान शिकवताना मराठीच्या तीन खुंट्या आधी भिंतीला ठोकाव्यात. ‘दिसते’ म्हणजे माझ्यासमोर काही खूण आहे. ‘वाटते’ म्हणजे ते माझ्या मनाचे आहे. ‘म्हणे’ म्हणजे ते दुसऱ्याचे आहे. मग इंग्रजी वाक्य करताना ठरवायचे की ते कुठल्या खुंटीवर टांगायचे. समोर खूण असेल तर ‘सीम्स’ किंवा ‘अपिअर्स’, आणि जमल्यास ती खूण कोणती तेही सांगायचे. मनाचे असेल तर सरळ ‘आय थिंक’ किंवा ‘सीम्स टु मी’, शेपटासकट. दुसऱ्याचे असेल तर कोणाचे ते नाव घेऊन, नाहीतर ‘आय हिअर’. इंग्रजीत ‘सीम’ हा एकच शब्द या तिन्ही खुंट्यांवरून लोंबू शकतो, म्हणून काळजी आपण घ्यायची.

यावर एक आक्षेप मला ऐकू येतो. जन्माने इंग्रजी बोलणारे तरी एवढा विचार करून बोलतात का? नाही करत. पण त्यांच्या चुका त्यांच्या घरातल्या असतात, त्यांचा अर्थ तिथे सर्वांना ठाऊक असतो. आपण परक्या घरात पाहुणे म्हणून बोलतो, तेव्हा शब्द थोडे जपून वापरावे लागतात. दुसरा आक्षेप असा की इंग्रजी शिकवताना मराठी आणू नये, मुले भाषांतर करीत बसतात. मला हे उलटे वाटते. भाषांतर ती तशीही करतातच, मनातल्या मनात आणि चुकीचे. ते उघड्यावर, नीट करून घेतलेले बरे.

खरी भीती मात्र वेगळीच आहे. ज्या मराठीच्या जोरावर मी ही फुशारकी मारतो आहे, तिच्यातल्या या खुंट्याच सैल होत आहेत. टीव्हीवरच्या चर्चेत ‘मला असं वाटतं की’ या शब्दांनी सुरुवात करून लोक आकडे आणि तारखा सांगतात. जे मोजता येते ते वाटण्याचा विषय नाही. उलट, ज्याविषयी फक्त वाटूच शकते तिथे ‘आहे’ ठोकून देतात. पूर्वी मराठी वर्तमानपत्रात खात्री नसलेल्या बातमीच्या शेवटी ‘असे समजते’ किंवा ‘असे कळते’ लिहायची रीत होती. आम्ही तिची थट्टा करायचो. आता मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराच्या शेवटी ती दोन शब्दांची शेपटी असती तर किती बरे झाले असते, असे वाटते. पाठवणाऱ्याने ‘म्हणे’ खुडलेले असते. पुढचा माणूस ते ‘आहे’ म्हणून वाचतो. तिसऱ्या माणसापर्यंत जाईतो ताडाच्या खोडाला फणा फुटलेला असतो आणि दुर्बीण घेऊन येणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतात.

फॉर्स्टरच्या कादंबरीतल्या गोकुळाष्टमीत आणखी एक बारीकसा तपशील आहे. देवळात भिंतीवर परधर्मीयांनाही कळावे म्हणून देव म्हणजेच प्रेम अशा आशयाची इंग्रजी पाटी लावलेली असते, आणि रंगवणाऱ्याच्या हातून नेमकी त्यातल्या ‘इज’ची अक्षरे उलटी पडलेली असतात. वाचणारा आधी हसतो. मग लक्षात येते की तिन्ही शब्दांतला अवघड शब्द तोच आहे. ‘आहे’ म्हणणे ही मोठी गोष्ट आहे, ते दर वाक्यात परवडत नाही. बाकीच्या वाक्यांसाठी दिसते, वाटते, भासते, जाणवते आणि म्हणे एवढे सगळे शब्द आपल्या वाडवडिलांनी घडवून ठेवले आहेत. पुढचा मजकूर कोणाला पाठवण्याआधी त्यांतला कोणता लागू पडतो एवढे पाहावे. इंग्रजीत ‘सीम’ कुठे वापरायचे हे मग वेगळे शिकावे लागणार नाही.